नसलेल्या चकतीचा भागाकार

इसवी सन २०१९ च्या जुलै महिन्यांत लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यांतील एक दोष दुरुस्त करण्यांत आला. दोषाचें स्वरूप मोठें चमत्कारिक होतें. आपल्याला फ्लॉपी चकती वाचण्याचें यंत्र जोडलेलें आहे एवढी संगणकाची समजूत असली कीं पुरे; त्या यंत्रांत चकती घातलेली असण्याची मुळींच गरज नव्हती. फ्लॉपी वापरण्याची परवानगी असलेल्या कोणाही सामान्य माणसानें लागोपाठ दोन सूचना दिल्या, कीं प्रणालीचा गाभा एका संख्येला शून्यानें भागावयास जाई आणि तेथेंच कोलमडे. अशा दोषांच्या जागतिक नोंदवहींत त्याला सीव्हीई-२०१९-१४२८४ असा क्रमांक मिळाला. ज्या वस्तूचा उपयोग घरांतून आणि कचेऱ्यांतून जवळजवळ उठून गेला होता, तिच्या नांवानें, आणि तीही जागेवर नसतांना, अगदीं नवा संगणक अडवितां येत होता.

हा दोष एका दिवसाच्या हलगर्जीपणानें जन्माला आलेला नाहीं. त्याच्या पाठीमागें जवळजवळ पन्नास वर्षांची कथा आहे, आणि तिच्यांत काटकसर हा एरवीं स्तुत्य मानलेला गुणच सर्वांत अधिक दोषी ठरतो.

फ्लॉपीचा जन्म आय. बी. एम. कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत झाला. मोठ्या संगणकांना चालूं होतांच ज्या मूलभूत सूचना पुरवाव्या लागतात त्या स्वस्तांत आणि सहज टपालानें पाठवितां याव्यात, एवढाच मूळ हेतु होता. १९७१ मध्यें बाहेर आलेली पहिली चकती आठ इंच व्यासाची होती व तिच्यावर सुमारें ८० हजार बाइट, म्हणजे एखाद्या लहान पुस्तिकेइतका मजकूर मावे. प्लॅस्टिकच्या लवचिक पातळ पत्र्यावर लोहाच्या ऑक्साइडचा लेप आणि वरून चौकोनी पाकीट, असें तिचें रूप होतें. १९७६ मध्यें सव्वापांच इंची चकती आली. पुढें १९८१ मध्यें सोनी कंपनीनें साडेतीन इंची काढली. तिचीच सुधारलेली जात १९८७ पासून जगभर रूढ झाली. या चकतीच्या प्रत्येक बाजूवर एकांत एक अशीं ८० वर्तुळें असत; त्यांना ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे १८ भाग म्हणजे सेक्टर, आणि प्रत्येक सेक्टरमध्यें ५१२ बाइट. दोन्ही बाजू मिळून १४,७४,५६० बाइट होतात. यांतील १८ आणि ५१२ हे दोन आंकडे ध्यानांत ठेवणें इष्ट आहे, कारण पुढील सारा अनर्थ त्यांच्याच खटपटींतून उद्भवला.

संगणकप्रणालीचा गाभा, ज्याला परिभाषेंत कर्नल म्हणतात, हा जुन्या वाड्यांतील कोठावळ्यासारखा असतो. कोठीची किल्ली त्याच्या एकट्याच्या कमरेला. घरांतील कोणाला चार शेर तांदूळ हवे असले तर त्यानें स्वतः कोठींत शिरावयाचें नसतें. कोठावळ्याकडे मागावयाचें असतें. त्याचप्रमाणें पत्र लिहिण्याचा, हिशेब करण्याचा किंवा गाणें ऐकविण्याचा कोणताही प्रोग्रॅम चकतीला, छापयंत्राला वा पडद्याला स्वतः हात लावीत नाहीं. तो कर्नलकडे विनंती करतो. प्रत्येक यंत्राचा स्वभाव निराळा, म्हणून कर्नलनें प्रत्येकासाठीं एकेक गुमास्ता नेमलेला असतो. त्याला ड्रायव्हर हें नांव आहे. गोम अशी कीं हे गुमास्ते कोठीच्या आंत बसतात. पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर चुकला तर ती चूक खुद्द गाभ्याची होते. आणि लिनक्सच्या गाभ्याचा निम्म्याहून अधिक मजकूर अशा ड्रायव्हरांचाच आहे.

हेलसिंकी विद्यापीठांतील एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ च्या ऑगस्ट महिन्यांत आपल्या या छंदाची वार्ता जाहीर केली. त्या काळीं प्रणाली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर न्यावयाची तर फ्लॉपीवांचून फारसा उपाय नव्हता. १९९३ मध्यें निघालेला स्लॅकवेअर हा लिनक्सचा संच उतरवून घ्यावयाचा म्हणजे दोन डझनांच्या आसपास चकत्या भरून बसावें लागे, व त्यांतील एक बिघडली तर सारा दिवस फुकट. म्हणून फ्लॉपीचा ड्रायव्हर पहिल्या कांहीं महिन्यांतच लिहिला गेला. त्याच्या मजकुरांत डिसेंबर १९९१ च्या टिपणांबरोबर टोरवाल्ड्सनें स्वच्छ लिहून ठेवलें आहे कीं, हा सारा पसारा गबाळा आहे, फ्लॉपीचें काम आपल्याला आवडत नाहीं, आपल्यापाशीं ड्राइव्ह एकच आहे, आणि खरें पाहतां चुकांची तपासणी अधिक व्हावयास हवी. पुढच्या काळांत याच जागीं काय घडलें तें पाहतां ही प्रांजळ कबुली एखाद्या भविष्यासारखी वाटते.

टोरवाल्ड्सच्या नावडीला कारणहि होतें. फ्लॉपी हें यंत्र मंद आणि लहरी. तिची मोटर चालूं करावी, वेग येईपर्यंत थांबावें, वाचक शीर्ष पायरीपायरीनें इष्ट ट्रॅकवर न्यावें, सेक्टर फिरत फिरत शीर्षाखालीं येण्याची वाट पहावी, आणि इतकें करून वाचन फसलें तर पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा. १९९३-९४ मध्यें अॅलें क्नाफ यानें हा ड्रायव्हर पुष्कळच वाढविला व सुधारला. तेव्हां लोकांची मागणी एकच होती: त्याच चकतीवर अधिक मजकूर मावला पाहिजे.

चकत्या विकत घ्याव्या लागत, आणि प्रोग्रॅम तर दिवसेंदिवस फुगत चालले होते. तेव्हां कोणी १८ सेक्टरांच्या जागीं २१ बसविले. मायक्रोसॉफ्ट कंपनीनेंहि आपला माल अशाच २१ सेक्टरी चकत्यांवरून विकला. कोणी याहून चतुराईची युक्ति काढली. दोन सेक्टरांमध्यें थोडी कोरी जागा सोडावी लागते, जशी शेतांत दोन वाफ्यांमध्यें बांधाची जागा जाते. वाफे मोठे केले तर बांध कमी लागतात. तद्वत् सेक्टर ५१२ बाइटांऐवजीं १,०२४ किंवा त्याहून मोठे केले तर कोरी जागा वांचते आणि चकतीवर अधिक मजकूर बसतो. फ्लॉपीचें नियंत्रण करणाऱ्या चिपला सेक्टरचा आकार एका लहान अंकानें कळवावयाचा असतो: शून्य म्हणजे १२८ बाइट, एक म्हणजे २५६, दोन म्हणजे ५१२, असें दुप्पट होत होत सात या अंकाला १६,३८४ बाइट येतात. लिनक्सच्या ड्रायव्हरांत हा अंक ठेवण्यास वेगळें घर बांधलेलें नव्हतें. चकतीचा वेग ज्या खान्यांत लिहीत, त्यांतच तीन बिटांची जागा मोकळी होती; तींत तो सारला गेला. जागेचीहि काटकसर झाली.

आतां हिशेब पहावा. वापरकर्त्यानें चकतीची आंखणी कळवितांना ट्रॅकवर किती सेक्टर आहेत तें ५१२ बाइटांच्या मापानें सांगावयाचें, आणि खऱ्या सेक्टराचा आकार त्या तीन बिटांतून निराळा सांगावयाचा. ड्रायव्हर त्या दोहोंवरून ट्रॅकवर खरे सेक्टर किती बसतील तें काढी. नेहमींच्या चकतीला १८ गुणिले ५१२ म्हणजे ९,२१६ बाइट; त्यांत ५१२ चे सेक्टर १८, १,०२४ चे ९. येथवर सारें ठीक. परंतु कोणी १८ हा आंकडा देऊन सोबत १६,३८४ बाइटांचा सेक्टर मागितला तर? ९,२१६ बाइटांच्या ट्रॅकमध्यें एवढा सेक्टर एकहि बसत नाहीं. संगणकाचा हा भागाकार अपूर्णांक टाकून देतो. उत्तर आलें शून्य. शून्याला येण्यास दुसरी वाटहि होती. काढलेली संख्या एका बाइटांत ठेवीत, आणि एका बाइटांत २५५ पेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. कोणी २५६ सेक्टर सांगितले कीं मोटारीच्या मैल मोजणाऱ्या चक्राप्रमाणें आंकडा फिरून पुन्हां शून्यावर येई.

प्रवेशद्वारावर पहारा नव्हता असें नाहीं. वापरकर्त्यानें दिलेले सेक्टर, बाजू व ट्रॅक हे आंकडे शून्याहून मोठे आहेत कीं नाहीं हें ड्रायव्हर पहात असे. अठरा हा आंकडा शून्याहून मोठाच आहे. त्याला अडविण्याचें कारण पहारेकऱ्याला दिसलें नाहीं. आलेल्या पाहुण्याची झडती झाली, पण आंत गेल्यावर दोन पाहुण्यांच्या संगनमतानें जें निपजलें त्याची कोणी विचारपूस केली नाहीं. सर्व प्रकरणाचें मर्म येथें आहे. दिलेली संख्या तपासणें आणि तिच्यापासून काढलेली संख्या तपासणें या दोन गोष्टी आहेत, व प्रोग्रॅम लिहिणारे पहिलीनें समाधान मानून दुसरी विसरतात.

ही पहिली सूचना. दुसरी सूचना असे ती चकती आंखण्याची, जिला फॉरमॅट करणें म्हणतात. तेथें तो घातक भागाकार होता, आणि तो तेथें कां होता हें कळल्यावर लिहिणाऱ्याविषयीं राग येण्याऐवजीं कौतुकच वाटतें. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते. एक फेरा म्हणजे सेकंदाचा पांचवा भाग. एक बाजू वाचून झाली कीं दुसऱ्या बाजूकडे वळावयास थोडा अवधि लागतो, आणि तेवढ्यांत चकती पुढें सरकलेली असते. प्रत्येक ट्रॅकचा पहिला सेक्टर एकाच रेषेंत ठेवला तर तो नेमका निसटून जातो व पूर्ण फेरा वाट पहावी लागते. म्हणून ड्रायव्हर प्रत्येक वेळीं पहिला सेक्टर फेऱ्याच्या सुमारें सहाव्या भागानें, म्हणजे सुमारें तीस सहस्रांश सेकंदानें, पुढें सरकवून आंखतो. १८ सेक्टरांच्या चकतीला हें सरकणें ३ सेक्टरांचें येतें. सरकत सरकत संख्या ट्रॅकच्या बाहेर जाऊं नये म्हणून तिला ट्रॅकवरील सेक्टरांच्या संख्येनें भागून बाकी घ्यावयाची. चकतीवरील मजकूर लौकर वाचला जावा यासाठीं केलेली ही योजना. ट्रॅकवर शून्य सेक्टर असूं शकतील हें त्या योजकाच्या स्वप्नांतहि आलें नसावें. हा हिशेब चकतीला हात लागण्यापूर्वींच होई. म्हणूनच ती यंत्रांत नसली तरी अपघात अटळ होता.

शून्यानें भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत खहर असें नांव देऊन तिला अनंताची प्रतिष्ठा दिली. संगणकाचा प्रोसेसर इतका तत्त्वज्ञ नाहीं. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या चिपपासून त्या घराण्यांत जे अपवादात्मक प्रसंग क्रमांक देऊन ठेवले आहेत, त्यांत अगदीं पहिला, शून्य क्रमांकाचा, शून्यानें भागण्याचाच आहे. सामान्य प्रोग्रॅमवर हा प्रसंग आला तर कर्नल त्याला बंद करून पुढें चालतो. खुद्द कर्नलवर आला तर त्याला सांवरणारा वर कोणी नाहीं. तें काम निदान अर्ध्यावर मरतें. आणि बिघाड होतांच सारें थांबवावें अशी व्यवस्था जेथें केलेली असते तेथें यंत्रच थांबतें. त्या यंत्रावर इतर शंभर माणसांचें काम चाललेलें असेल तर तेंहि त्याबरोबर गेलें. ही भीति पुस्तकी नव्हे. सप्टेंबर १९९७ मध्यें अमेरिकेच्या आरमारांतील यॉर्कटाउन या जहाजावर एका खलाशानें संगणकांत शून्य हा आंकडा भरला, त्यानें कुठें तरी भागाकार झाला, आणि तेवढ्या कारणावरून तें जहाज भर समुद्रांत दोन तासांहून अधिक काळ निश्चल पडून राहिलें.

मग हा दोष इतकीं वर्षें कोणाला कसा दिसला नाहीं? उत्तर सोपें आहे. शहाणा माणूस अशी मागणी करीत नाहीं. नऊ हजार बाइटांच्या जागेंत सोळा हजारांचा सेक्टर कोण मागेल? त्याला शोधावयास शहाणपण नसलेलाच कोणी हवा होता. गूगल कंपनीनें २०१५ च्या सुमारास पुढें आणलेला सिझकॉलर हा प्रोग्रॅम असा आहे. तो कर्नलला रात्रंदिवस वेड्यावांकड्या विनंत्या करीत बसतो. जी विनंती गाभ्याच्या आजवर न चाललेल्या ओळी चालविते ती लक्षांत ठेवतो, आणि तिच्यांत फेरफार करून पुन्हां विचारतो. माणसाच्या सभ्यतेमुळें झांकून राहिलेलीं भोकें यंत्राच्या निर्लज्ज चिकाटीनें उघडीं पडलीं. रशियन प्रोग्रामर डेनिस येफ्रेमोव्ह यानें या साधनाच्या आधारें फ्लॉपीच्या ड्रायव्हरांतील हा दोष व त्याच्याच शेजारचे आणखी कांहीं हुडकून काढले.

तरीहि एक शंका उरते. ज्या संगणकाला फ्लॉपीचें यंत्रच नाहीं त्याला भय कसलें? येथें काळानें एक विलक्षण थट्टा केलेली आहे. अलीकडे एका मोठ्या यंत्राच्या पोटांत अनेक आभासी संगणक चालवितात. क्यूएमू नांवाचा प्रोग्रॅम असा आभासी संगणक उभारतो, आणि तो हुबेहूब दिसावा म्हणून त्या काळीं न मागतांच त्याला एक आभासी फ्लॉपी यंत्रहि जोडून देत असे. लोखंडी ड्राइव्ह भंगारांत गेले, पण त्यांचीं भुतें लाखों आभासी यंत्रांतून नांदूं लागलीं. या भुतानें यापूर्वींहि एकदां उपद्रव दिला होता. क्यूएमूमध्यें फ्लॉपीचें सोंग करणाऱ्या भागांत २००४ पासून असलेला एक दोष मे २०१५ मध्यें व्हेनम या नांवानें गाजला. त्याच्या जोरावर आभासी संगणकांतून बाहेर पडून मूळ यंत्रावर हात टाकणें शक्य होतें. आणि कांहीं ठिकाणीं व्यवस्थापकानें आभासी फ्लॉपी बंद केली तरी तो सदोष भाग आंतून जागाच राहत असे.

२०१९ ची दुरुस्ती वाचावयास चार ओळींची आहे. ट्रॅकवरील सेक्टरांची काढलेली संख्या, एका बाइटांत ठेवल्यावर, शून्य येत असेल तर आंखणी स्वीकारूं नये. आणि तरीहि कोठून शून्य आलेंच तर फॉरमॅटचें काम रद्द करावें. आकारांना वाजवी कमाल मर्यादा घालावी हा खरा उपाय, हें दुरुस्ती करणाऱ्यानेंहि तेथेंच नमूद केलें. पण तो त्यानें केला नाहीं. जगांत कोठें तरी एखादा जुना प्रोग्रॅम आजहि विचित्र आकाराच्या चकत्या आंखीत असेल, आणि वापरकर्त्याचा चालता प्रोग्रॅम कर्नलनें मोडावयाचा नाहीं हें लिनक्सचें जुनें व्रत आहे. हें व्रत कोणाला हट्ट वाटेल. परंतु ज्यांच्या हातांतील यंत्रें वीस वर्षें त्याच प्रोग्रॅमवर चालतात त्यांचा सारा भरंवसा यावरच असतो. दरवाजा बुजविण्याऐवजीं उंबऱ्यावर एक खिळा अधिक ठोकला गेला.

त्याच जुलै महिन्यांत टोरवाल्ड्सनें या ड्रायव्हरपुढें अनाथ असा शेरा मारला. ज्याच्याकडे तो संभाळण्याचें काम होतें त्याच्यापाशीं चालता ड्राइव्हच उरला नव्हता. दुकानांतून मिळणारे फ्लॉपी ड्राइव्ह बहुतेक यूएसबीचे, व ते या ड्रायव्हरच्या वाटेनें जात नाहींत. प्रत्यक्ष यंत्राच्या दृष्टीनें तो जवळजवळ मृतच होता. पण आभासी यंत्रांसाठीं त्याला काढून टाकतांहि येत नव्हतें. पांढरा हत्ती दाराशीं बांधलेला, आणि चारा घालावयास माहूत नाहीं, अशी ती अवस्था. योगायोग असा कीं याच वर्षीं अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या आज्ञाव्यवस्थेंतून आठ इंची फ्लॉपी चकत्या अखेर निघाल्या. पुढें कांहीं आठवड्यांतच येफ्रेमोव्हनें या अनाथाचें पालकत्व पत्करलें. नोंदवहींत त्याच्या कामाचा दर्जा किरकोळ दुरुस्त्या असा लिहिलेला आहे. ज्यानें घरांतील भोकें शोधलीं त्याच्याच हातीं घर सोंपविलें गेलें, हें एका अर्थीं योग्यच झालें.

दोष संपले नाहींत. या ड्रायव्हरमध्यें चकतीच्या नियंत्रक चिपला थेट कच्ची आज्ञा देण्याची एक सोय पूर्वींपासून होती. विचित्र चकत्या वाचणाऱ्या मोजक्या हौशी लोकांशिवाय तिला गिऱ्हाईक नव्हतें, आणि तिच्यांतून नव्या भानगडी निघूं लागल्या. एप्रिल २०२२ मध्यें ती सोय मूळपासूनच बंद ठेवण्याचें ठरलें. ज्याला हवी असेल त्यानें कर्नल तयार करतांना ती स्वतः मागून घ्यावी. ड्रायव्हर मात्र तसाच राहिला, १९९१ च्या त्या जुन्या मजकुराचा वंशज म्हणून, टोरवाल्ड्सचें नांव पहिल्या ओळींत घेऊन.